एका छपराखाली दोन धनी

हल्ली आपल्यापैकी पुष्कळ घरांतील मुले, लेकी, जावई विलायतेत असतात. त्यांच्याकडे उन्हाळ्याचे दोन महिने काढून आलेली वडील मंडळी परतली म्हणजे प्रवासवर्णन ऐकवितात. लंडनचे पूल, राजवाडा, वस्तुसंग्रहालये हे सारे होते. मग कोणीतरी सहज म्हणते, "खेड्यापाड्यांतूनही हिंडलो. प्रत्येक गावात एक जुने दगडी चर्च असतेच. एक पाहिले की सगळी पाहिली." यातील पहिली दोन वाक्ये खरी आहेत. तिसरे मुळीच खरे नाही, आणि ते का खरे नाही हे सांगण्यासाठीच या महिन्याचे पान खर्ची घालण्याचे योजिले आहे.

चर्चची इमारत आपल्या वाचकांस अपरिचित नाही. गोव्यातील वाचकांच्या डोळ्यांपुढे इगर्जीची पांढरीशुभ्र दर्शनी भिंत उभी राहील. बेळगाव, महू, सिकंदराबाद येथील वाचकांना छावणीतील टोकदार कमानींची दगडी चर्चे आठवतील. मुंबईस कुलाब्याकडे गेलेल्यांनी १८५८ साली पुरे झालेले अफगाण चर्च पाहिले असेल. ह्यांपैकी छावणीतील चर्चे आणि अफगाण चर्च ही मध्ययुगीन इंग्रजी चर्चांची एकोणिसाव्या शतकात केलेली नक्कल होय. नक्कल उत्तम आहे. परंतु ती एका नकाशावर, एका हिशेबात, थोड्या वर्षांत पुरी झालेली आहे. मूळ चर्चे तशी झालेली नाहीत. ती चारपाचशे वर्षे होत राहिली. पैसा आला तेव्हा वाढली, नव्हता तेव्हा थांबली, आणि ज्यांनी ती बांधली ते एकाच छपराखाली असूनही एक नव्हते. ही शेवटची गोष्ट ध्यानात धरली की इंग्लंडातील जुने चर्च वाचता येऊ लागते.

प्रथम दोन शब्द. 'पॅरिश' म्हणजे एका धर्मगुरूच्या हवाली केलेला मुलूख. बहुधा एक गाव आणि त्याच्या भोवतालच्या वाड्या. त्या मुलखाचे जे सार्वजनिक प्रार्थनास्थळ ते पॅरिश चर्च. शहरांतील भव्य कॅथीड्रले बिशपांची असतात, त्यांच्याशी आज आपणांस कर्तव्य नाही. चर्च ऑफ इंग्लंडच्या ताब्यात आजही सुमारे १६,००० चर्चे आहेत, आणि त्यांतील हजारो मध्ययुगातील आहेत.

अशा चर्चचा मूळ आराखडा दोन खोल्यांचा. डरॅम परगण्यात एस्कम नावाचे एक लहानसे गाव आहे. तेथील चर्च सातव्या शतकातील आहे, आणि जवळच्या पडक्या रोमन किल्ल्याचे घडीव दगड आणून ते उभारलेले आहे. त्यात पश्चिमेला एक लांब, अरुंद, उंच दालन; पूर्वेला एक लहान चौरस खोली; आणि दोहोंच्या मधल्या भिंतीत एक उंच कमान. बस्स, एवढेच. पश्चिमेकडील मोठ्या दालनास 'नेव्ह' म्हणतात, तेथे लोक जमत. पूर्वेकडील लहान खोलीस 'चॅन्सेल' म्हणतात, तेथे वेदी असे आणि धर्मगुरू विधी करी. आपल्याकडील सभामंडप आणि गाभारा यांची आठवण होणे साहजिक आहे. वाचकांनी ती उपमा वाट दाखविण्यापुरती जरूर घ्यावी. मात्र चॅन्सेलमध्ये प्राणप्रतिष्ठा केलेली मूर्ती नसते, असते ती वेदी, हे विसरू नये.

आता खर्च कोणी करावयाचा? गावाने आपल्या उत्पन्नाचा दहावा हिस्सा चर्चला द्यावयाचा असे. दहावी पेंढी, दहावे कोकरू, लोकरीचा दहावा भाग. हा दशमांश ज्यास मिळे तो 'रेक्टर'. तेराव्या शतकापर्यंत इंग्लंडात एक वहिवाट पक्की झाली. चॅन्सेलची डागडुजी रेक्टरने करावी, नेव्हची गावकऱ्यांनी. वेदीवरचे छप्पर गळू लागले तर रेक्टरने शिसे आणावे, लोकांच्या डोक्यावरचे गळू लागले तर लोकांनी. मधली कमान ही नुसती दोन खोल्यांमधील कमान राहिली नाही, ती दोन खातेवह्यांमधील रेघ झाली.

ही रेघ बाहेरूनही दिसते. चर्चच्या दक्षिणेस, कबरस्तानातील गवतावर, जरा लांब उभे राहावे. डावीकडे पश्चिमेचा मनोरा, मध्ये नेव्ह, उजवीकडे चॅन्सेल. बहुधा दोन्ही छपरांची उंची सारखी नसते. दगडही कित्येकदा निराळा असतो, खिडक्यांचे वळण निराळे असते. चॅन्सेलच्या दक्षिण भिंतीत एक बुटके दार दिसेल, ते धर्मगुरूचे खाजगी दार. लोकांचा दरवाजा नेव्हच्या बाजूस, बहुधा देवडीसारखी लहानशी ओसरी असलेला. ज्याचे घर त्याचे दार!

चॅन्सेल ठेंगणे, खिडक्या अरुंद आणि जुन्या, आणि शेजारचे नेव्ह मात्र उंच, रुंद, काचांनी भरलेले, असे पुष्कळ ठिकाणी आढळते. त्याचे कारण धार्मिक भावनेत शोधू नये. ते जमाखर्चात आहे. अनेक पॅरिशांचे रेक्टरपद श्रीमंत मठांनी आपल्याकडे घेतले होते. म्हणजे धान्याचा दशमांश दूरच्या मठाच्या कोठारात जाई, आणि मठ आपल्या वतीने गावात एक 'व्हिकर' नेमी. या शब्दाचा मूळ अर्थच मुळी 'बदली माणूस' असा आहे. ज्या मठाधिपतीने ते गाव वर्षानुवर्षे पाहिले नाही, त्याने तेथील चॅन्सेल उंच करण्यासाठी थैली सोडावी ही अपेक्षाच व्यर्थ. कायद्याने छप्पर शाकारले म्हणजे झाले. उलट गावकऱ्यांना आपले नेव्ह रोज दिसे, आणि शेजारच्या गावाचेही दिसे. ईर्ष्या ही मोठी गवंडी आहे.

याच्या उलटही उदाहरणे आहेत. लिंकनशर परगण्यातील हेकिंग्टन येथे चौदाव्या शतकाच्या पूर्वार्धात रिचर्ड पॉट्सग्रेव्ह नावाचे धर्मगुरू होते. ते दुसऱ्या एडवर्ड राजाच्या पदरी असल्यामुळे त्यांचा हात सैल होता. त्यांनी बांधलेल्या चॅन्सेलमध्ये दगडावर केलेले कोरीव काम पाहून आपल्या होयसळ कारागिरांनीही मान डोलावली असती. ईस्टरच्या वेळी ख्रिस्ताच्या समाधीचा देखावा मांडण्यासाठी भिंतीत एक कोनाडा आहे. त्याच्या पायथ्याशी समाधीवर पहारा करणारे शिपाई झोपी गेलेले कोरले आहेत. समोरच्या भिंतीत विधी करणाऱ्यांसाठी ओळीने तीन दगडी आसने. पॉट्सग्रेव्ह यांचे थडगेही त्याच चॅन्सेलमध्ये आहे. ज्याच्या खर्चाने खोली झाली तो त्याच खोलीत विसावला.

वास्तुरचनेची खरी गंमत मात्र नेव्हकडे आहे, कारण गाव वाढत असते. माणसे मावेनाशी झाली की पूर्ण इमारत पाडून नवी बांधणे परवडत नसे, आणि त्या काळात प्रार्थना बंद ठेवणेही शक्य नसे. मग गवंडी एक युक्ती करीत. जुन्या भिंतीच्या बाहेर काही हातांवर दुसरी, ठेंगणी भिंत उभारावयाची, आणि दोहोंवर उतरते छप्पर टाकावयाचे. आपल्या घरांना मागाहून पडवी काढतात, अगदी तसे. ही बाजूची पडवी तयार झाली की जुन्या भिंतीत एकामागून एक कमानी फोडावयाच्या. भिंत होती तेथे खांबांची रांग होई. काही वर्षांनी उत्तरेकडेही तसेच. त्यामुळे कित्येक चर्चांत दक्षिणेच्या कमानी अर्धगोल आणि उत्तरेच्या टोकदार, किंवा याच्या उलट, असे दिसते. पाहुण्यांस ते बेंगरूळ वाटते. प्रत्यक्षात तेथे दोन पिढ्यांचे अंतर असते.

पडव्या काढल्या, जागा झाली. पण मधल्या दालनाचा उजेड गेला. कारण पूर्वीच्या खिडक्या आता पडवीत गेल्या. तेव्हा पंधराव्या शतकात सर्रास असे केले गेले, की मधल्या भिंती आणखी उंच चढवावयाच्या आणि पडव्यांच्या छपरांच्या वर खिडक्यांची एक ओळ काढावयाची. आता भिंती उंच झाल्या, मग जुने उभ्या उताराचे छप्पर त्यावर चढविले तर मनोराच झाकला जाणार. म्हणून छप्पर जवळजवळ सपाट केले आणि त्यावर शिशाचे पत्रे पसरले. गवत किंवा लाकडी फळ्या यांना पाणी निथळण्यासाठी तीव्र उतार लागतो, शिशाला लागत नाही. जुने छप्पर गेले, तरी मनोऱ्याच्या पूर्वेकडील अंगावर त्याची उलट्या 'व्ही'च्या आकाराची खूण पुष्कळ ठिकाणी राहिली आहे. भिंतीवर पाणी झिरपू नये म्हणून छपराच्या कडेने बसविलेली ती दगडी पट्टी. आपल्या मुलांबरोबर असे एखादे चर्च पाहावयास गेलात तर ती खूण अवश्य शोधावी. नातवंडांना हा खेळ फार आवडेल.

कमानींवरून काळ ओळखण्याचे ठोकताळेही कठीण नाहीत. अर्धगोल कमान आणि जाड भिंती असल्या तर सुमारे ११९० च्या आधीचे, नॉर्मन राजवटीचे काम. टोकदार कमान आणि भाल्यासारख्या अरुंद खिडक्या म्हणजे तेरावे शतक. खिडकीच्या माथ्यावर दगडाची पानाफुलांसारखी वळणे आली की चौदाव्याचा पूर्वार्ध. आणि ती वळणे जाऊन सरळ उभ्या रेघा आल्या, खिडकी भिंतीएवढी झाली, म्हणजे चौदाव्याचा उत्तरार्ध ते सोळाव्याचा आरंभ. या शैलींची आज चालणारी इंग्रजी नावे १८१७ साली थॉमस रिकमन यांनी आपल्या ग्रंथात दिली. हे गृहस्थ क्वेकर पंथाचे होते, म्हणजे ज्या पंथात मनोरे, वेद्या आणि रंगीत काचा यांना मुळीच स्थान नाही! शास्त्र असेच कधी कधी बाहेरच्या माणसाच्या हातून घडते.

गावकऱ्यांजवळ पैसा कोठून येई, हा प्रश्न वाचकांच्या मनात आला असेल. डेव्हनशर परगण्यात एक्समूरच्या माळरानाच्या कडेला मोरबाथ नावाचे तेहेतीसेक कुटुंबांचे खेडे होते. तेथील व्हिकर सर ख्रिस्तोफर ट्रिकी यांनी १५२० पासून १५७४ पर्यंत, म्हणजे चोपन्न वर्षे, गावच्या चर्चचे हिशेब आपल्या हाताने लिहिले, आणि सुदैवाने ते टिकले. इतिहासकार इमॉन डफी यांनी २००१ साली त्यांवर ग्रंथ लिहिला. त्या हिशेबांत मेंढ्या भेटतात. चर्चमधील निरनिराळ्या संतांच्या नावाने लहान लहान कळप असत. त्यांतील एकेक मेंढी एकेका घराने आपल्या मेंढ्यांबरोबर चारावयाची, आणि लोकर विकून आलेला पैसा त्या संताच्या दिव्याला, मूर्तीला, इमारतीला द्यावयाचा. कोणती मेंढी मेली, कोणती हरवली, हेही व्हिकर साहेब नमूद करतात. वर्षातून एकदा गावजेवण आणि घरी गाळलेल्या बिअरचा सोहळा होई, त्याची शिल्लकही चर्चच्या खात्यात जाई. हिशेब पाहणारा वॉर्डन पाळीपाळीने घराघरांतून निवडला जाई, आणि घराची कर्ती स्त्री असली तर तिच्यावरही ही पाळी येई. अशा मेंढ्यांवर आणि पाळ्यांवर छपरे तोलून धरलेली होती.

जेथे खेडे लोकरीच्या व्यापाराने गबर झाले तेथे मात्र थाट निराळा. सफोक परगण्यातील लाँग मेलफर्ड येथील चर्च पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात कापडाच्या पैशावर उभे राहिले. त्याच्या बाहेरच्या भिंतीवर, गारगोटीच्या काळ्या दगडात पांढऱ्या दगडाची मोठी अक्षरे बसवून, देणगीदारांची नावे लिहिली आहेत आणि वाचणाऱ्याने त्यांच्या आत्म्यांसाठी प्रार्थना करावी अशी विनंती केली आहे. आपल्याकडे घाटाच्या पायरीवर वा धर्मशाळेच्या फरशीवर नाव कोरून ठेवण्याची जी रीत आहे, तिच्यापेक्षा या अक्षरांचा हेतू थोडा वेगळा आहे. मृत्यूनंतर आत्म्यास शुद्धीसाठी यातना भोगाव्या लागतात आणि जिवंतांच्या प्रार्थनेने त्या कमी होतात, अशी तेव्हाची श्रद्धा होती. भिंत ही एक प्रकारची याचना होती.

आता पुन्हा त्या रेघेकडे वळू. कमानीखाली एक लाकडी, जाळीदार पडदी असे. खालच्या फळ्यांवर संतांची चित्रे, वर कोरीव जाळी. नॉरफोकमधील रॅनवर्थ येथील पंधराव्या शतकातील पडदी आजही आपल्या रंगांसह उभी आहे. पडदीच्या माथ्यावर एक अरुंद सज्जा, आणि त्याच्यावर क्रुसावरील ख्रिस्ताची मोठी लाकडी मूर्ती, एका बाजूस त्याची माता मेरी, दुसऱ्या बाजूस शिष्य जॉन. या समूहास 'रूड' म्हणत. त्यामागे, कमानीच्या वरच्या भिंतीवर, शेवटच्या न्यायनिवाड्याचे चित्र. पुण्यवान एका हाताला स्वर्गात, पापी दुसऱ्या हाताला नरकाच्या जबड्यात. नेव्हमध्ये उभ्या असलेल्या निरक्षर शेतकऱ्याला लॅटिन कळत नसे, पण समोर हे सारे दिसत असे. आणि गंमत पाहा, ही पडदी, तो सज्जा, त्या मूर्ती, सारे दोन मालकींच्या सीमेवर असूनही त्याचा खर्च बहुतेक ठिकाणी गावकऱ्यांनीच केलेला असे. धर्मगुरूची खोली त्यांची नव्हती, पण तिचे तोंड त्यांनी सजविले.

१५४७ मध्ये बाल राजा सहावा एडवर्ड गादीवर आला, आणि सुधारणावाद्यांच्या हाती सत्ता गेली. १५४८ पर्यंत मूर्ती उतरविण्याच्या आज्ञा गावोगाव पोहोचल्या. मोरबाथमधील संतांचे कळप संपले. तेथील व्हिकरांनी मृतांच्या प्रार्थनेसाठी काळ्या वस्त्रांचा एक जोड घ्यावा म्हणून सुमारे वीस वर्षे पै-पै साठविली होती. वस्त्रे आली ती नेमकी १५४७ साली, त्यांचा उपयोगच निषिद्ध ठरण्याच्या बेतात असताना. पुढे मेरी राणीच्या कारकीर्दीत, १५५३ नंतर, काही वर्षे जुने परत आले. एलिझाबेथने पुन्हा फिरविले. १५६१ ची तिची आज्ञा मोठी सूचक आहे. रूडचे सज्जे पाडावेत, परंतु पडदी राहू द्यावी. म्हणजे मूर्ती गेल्या तरी नेव्ह आणि चॅन्सेल यांमधील भेद सरकारला हवाच होता. सज्जावर जाण्यासाठी भिंतीच्या जाडीत काढलेला चक्राकार जिना मात्र कोण पाडणार? तो तसाच राहिला. आज कितीतरी चर्चांत भिंतीत उंचावर एक दार दिसते, आणि त्या दाराच्या पलीकडे पाऊल टाकावयास काहीच नसते.

सफोकमधील वेनहॅस्टन गावात न्यायनिवाड्याचे चित्र कमानीच्या वर बसविलेल्या लाकडी फळ्यांवर काढलेले होते. नव्या धर्मव्यवस्थेत त्यावर चुना फासला गेला, आणि लोक ते विसरले. १८९२ साली जीर्णोद्धार करताना कामगारांनी त्या जुनाट पांढऱ्या फळ्या काढून बाहेर कबरस्तानात टाकल्या. रात्री पाऊस पडला. सकाळी पाहतात तो चुना धुऊन गेलेला, आणि फळ्यांवर स्वर्ग, नरक आणि तराजू घेतलेला देवदूत उमटलेला! चित्राच्या मध्यभागी मात्र काही कोऱ्या आकृती आहेत. एक क्रुसाची, दोन उभ्या माणसांच्या. तेथे रूडच्या मूर्ती टेकलेल्या होत्या, म्हणून त्यामागे चित्रकाराने रंग दिलाच नव्हता. मूर्ती साडेचारशे वर्षांपूर्वी गेल्या, त्यांची रिकामी जागा आजही चर्चमध्ये पाहता येते.

नियम सांगितला म्हणजे अपवादही सांगितला पाहिजे. पूर्व इंग्लंडातील काही धनाढ्य चर्चांत पंधराव्या शतकात मधली कमानच काढून टाकली गेली आणि पश्चिमेपासून पूर्वेपर्यंत एकच सलग छप्पर घातले गेले. सफोकच्या किनाऱ्याजवळच्या दलदलीवर उभे असलेले ब्लायथबरोचे चर्च असे आहे. वर लाकडी तुळयांवर पंख पसरलेले देवदूत, खाली दोन्ही बाजूंच्या असंख्य खिडक्यांतून येणारा समुद्राकडचा उजेड. तेथे दोन धन्यांमधील रेघ फक्त लाकडी पडदीने सांभाळली. ४ ऑगस्ट १५७७ रोजी ऐन प्रार्थनेच्या वेळी वादळात मनोऱ्याचे शिखर छप्पर फोडून आत कोसळले. १६४४ मध्ये विल्यम डाउजिंग हा मूर्तिभंजक अधिकारी येथे येऊन गेला. देवदूतांच्या अंगात शिशाच्या गोळ्या सापडल्या, तेव्हा त्याचा ठपका पुष्कळ दिवस डाउजिंगच्या माणसांवर ठेवला जाई. परंतु अठराव्या शतकातील चर्चच्या हिशेबांत छपरात घरटी करणाऱ्या डोमकावळ्यांना मारण्यासाठी घेतलेल्या दारूगोळ्याची नोंद आहे, आणि गोळ्याही त्याच जातीच्या निघाल्या. १८८१ साली ही इमारत धोकादायक म्हणून बंद करावी लागली आणि १८८४ साली पुन्हा उघडली. गाव लहान झाले होते, चर्च तेवढेच राहिले होते.

याच एकोणिसाव्या शतकात इंग्लंडभर जीर्णोद्धाराची लाट आली होती. भिंतींवरचा जुना गिलावा खरवडून दगड उघडे करणे हा तिचा एक छंद. मध्ययुगात तो दगड कधीच उघडा नव्हता; तो रंगविलेला असे. 'जुने' दिसावे म्हणून जुने खरवडून टाकण्याचा हा प्रकार पाहून विल्यम मॉरिस यांनी १८७७ साली प्राचीन वास्तूंच्या रक्षणासाठी संस्था काढली. देर आये, एवढेच म्हणता येते.

आता चॅन्सेलच्या धन्याचे पुढे काय झाले? १५३६ ते १५४० या काळात आठव्या हेन्रीने मठ बरखास्त केले. मठांच्या जमिनींबरोबर त्यांचे रेक्टरपदही विकले गेले, आणि दशमांश खाजगी जमीनदारांच्या हाती गेला. पण वतन घेतले म्हणजे चाकरीही आली. चॅन्सेलची डागडुजी नव्या मालकाच्या गळ्यात पडली. पुढे शेते कुंपणे घालून वाटली गेली तेव्हा अनेक ठिकाणी दशमांशाच्या बदली जमीन तोडून देण्यात आली, आणि ते ओझे त्या जमिनीला चिकटले. जमीन विकली गेली, वाटली गेली, वारसाने गेली. दशमांश हळूहळू रद्द झाले. ओझे तसेच राहिले.

वॉरिकशरमधील ॲस्टन कँटलो येथे १७४३ च्या अशाच वाटणीतील एक शेत विसाव्या शतकाच्या अखेरीस एका जोडप्याच्या मालकीचे होते. गावच्या चर्चचे तेराव्या शतकातील चॅन्सेल दुरुस्त करावयास आले. चर्चच्या समितीने १९९४ साली त्यांस रीतसर मागणी केली, रक्कम ९५,२६० पौंड. जोडप्याने नकार दिला. खटला चढत चढत उमरावांच्या सभेपर्यंत गेला. मधल्या न्यायालयाने ही मागणी मानवी हक्कांच्या विरुद्ध ठरविली होती. २००३ च्या जूनमध्ये सर्वोच्च न्यायासनाने तो निकाल फिरविला आणि वहिवाट उचलून धरली. २००७ साली आकडा १,८६,९६९ पौंडांवर निश्चित झाला. वकिलांचा खर्च निराळा, आणि तोही लाखांत. शेवटी त्या जोडप्याला ते शेत विकावयास काढावे लागले. त्या घटनेनंतर असे ओझे सरकारी जमीन-नोंदीत चढविण्यासाठी १२ ऑक्टोबर २०१३ पर्यंत मुदत देण्यात आली. नोंद नसताना त्यानंतर जमीन विकत घेणाऱ्याला आता सहसा भीती नाही. मात्र मुदत संपण्यापूर्वी गावोगावच्या चर्च समित्यांपुढे पेच होता. नोंद करावी तर शेजाऱ्यांची घरे विकली जाणे कठीण, न करावी तर छपराचा खर्च कोण देणार?

नेव्हचा धनीही बदलला आहे. गावकऱ्यांवर सक्तीने बसविलेला चर्चकर १८६८ च्या कायद्याने गेला, आणि तेव्हापासून छप्पर केवळ वर्गणीवर आहे. रविवारी प्रार्थनेस येणारी माणसे कित्येक खेड्यांत एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी राहिली आहेत, शिशाचे पत्रे चोरीस जातात ते निराळेच. शेकडो चर्चे प्रार्थनेसाठी बंद झाली. त्यांतील साडेतीनशेहून अधिक चर्चे १९६९ मध्ये स्थापन झालेली एक राष्ट्रीय संस्था सांभाळते.

काही गावांनी निराळा मार्ग काढला. वेल्सच्या सीमेजवळ, हेरफर्डशर परगण्यात यारपोल नावाचे खेडे आहे. गावातील दुकान बंद पडले, डाकघर जाण्याची वेळ आली, तेव्हा २००९ साली गावकऱ्यांनी आपले दुकान सेंट लेनर्डच्या मध्ययुगीन चर्चमध्ये, नेव्हच्या पश्चिम टोकाला थाटले. तेथे पाव, दूध, भाजी, पोस्टाची तिकिटे मिळतात, चहाही मिळतो. प्रार्थना पूर्वेच्या बाजूस चालते. काही पाहुण्यांना हे विपरीत वाटते म्हणे. परंतु नेव्ह हे मूळचे गावाचेच दालन. मध्ययुगात तेथे पंचायती भरत, करार होत, कधी गावजेवणाच्या पंगतीही उठत, आणि त्याची डागडुजी गाव करी. यारपोलच्या दुकानात गल्ल्यावर गावकरीच पाळीपाळीने बसतात.